पौषातली ओल

गळती शोधणं हे माझं काम होतं. बत्तीस वर्षं मी सरकारी इमारतींच्या गच्च्या तुडवल्या. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, जिथे छत ठिबकेल तिथे मला पाठवायचे, आणि मी डागाखाली उभा राहून पाणी कुठून आलं ते सांगायचो. बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं. त्यातून अंगात एक मस्ती भरली होती, आणि निवृत्तीनंतर ती उतरायच्या ऐवजी वाढली. हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये कोणाच्या भिंतीचा पोपडा सुटला तरी लोक मला बोलावून न्यायचे. मी जायचो, तिथल्या मिस्त्रीचे चार लोकांत वाभाडे काढायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

त्यामुळे माझ्या स्वतःच्या घरात, ऐन पौषात, समोरच्या खोलीची भिंत ओली झाली तेव्हा मला काळजी वाटली नाही, अपमान वाटला. दिवाळीनंतर पावसाचा थेंब नव्हता. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि ज्या भिंतीपुढे दोघांना बसवून फोटो काढायचे त्याच भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, स्लॅबला लागून, ओलीचा पट्टा उमटला होता. आठवड्याभरात तो हातभर खाली उतरला. बायको रोज सकाळी आधी त्याच्याकडे पाहायची आणि मग माझ्याकडे पाहायची.

बाबा वर राहत होते. गच्चीवर समोरच्या अंगाला आम्ही टिनाचं छत टाकून एक खोली काढली होती, त्यात. आई गेल्यावर मी त्यांना उमरेडहून आणलं, तेव्हापासून पाच वर्षं. वर ऊन छान मिळतं, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. खरं कारण हे की त्यांची जीभ आम्हाला खाली नको होती. वर संडास-मोरी काढायची राहून गेली. बत्तीस वर्षं सरकारी खर्चाने लोकांना संडास बांधून देणारा मी, बापासाठी बांधायचा तेवढा राहून गेला. त्यांना लागलं की बाहेरच्या जिन्याने सोळा पायऱ्या उतरून खाली यावं लागे.

बाबा विणकर. उमरेडच्या घरात आमची एकच मोठी खोली होती आणि तिच्या मधोमध माग. त्याच्या खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर बसायचे, आणि रात्री आम्ही भावंडं मागाच्या बाजूलाच झोपायचो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. खळ दिलेल्या सुताला ओल लागली की ते चिकटतं आणि तुटतं, म्हणजे पोटावरच पाय. म्हणून बाबांनी त्यावर एक औषध काढलं होतं. ज्या सकाळी गोधडी ओली निघायची त्या सकाळी ती डोक्यावर देऊन ते मला ओट्यावर उभं करायचे. म्हणायचे, "दाखव लोकायले, काय पिकवलं राती." शाळेत जाणारी पोरं त्याच रस्त्याने जायची. गोधडीचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. आई दारामागे उभी असायची, बाहेर यायची नाही. ऊन चढून गोधडी वाळेपर्यंत मी उभा.

ती सवय सुटली कशी, तर मी दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. शाळेतून यायचो तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असायची, तरी माठाकडे जायचो नाही. ओठ फुटायचे. दोन-तीन महिन्यांत गोधडी कोरडी निघायला लागली. बाबांना वाटलं, त्यांचं औषध लागू पडलं. ते आल्यागेल्याला तसं सांगायचे.

असा हा माणूस. माग विकायच्या आधी त्यांनी शेवटचं एक पातळ विणलं होतं, लाल काठाचं, आणि ते पेटीत घालून वर आणलं होतं. नातीच्या साक्षगंधात, चार लोकांसमोर, ते आपल्या हाताने तिच्या हातात द्यायचं, एवढं एकच त्यांनी पाच वर्षांत मागितलं. बाकी काही मागितलं नाही. फक्त टोमणे मारले.

गळती दोघांची असते, असं मी खात्यातल्या नव्या लोकांना शिकवायचो. एक पाणी आणतो आणि दुसरा त्याची वाट अडवतो. दोघं सापडल्याशिवाय शोध संपला असं समजायचं नाही. माझ्या भिंतीच्या बाबतीत मी आधी पाणी आणणाऱ्याच्या मागे लागलो.

पहिला संशय दवावर. आमच्याकडे पौषात टिनावर दव चांगलं पडतं आणि पहाटे काठाने ठिबकत राहतं. मी संध्याकाळी टिनाच्या काठाखाली एक गंज, म्हणजे उभं पातेलं, लावून ठेवला. सकाळी पाहिलं तर बुडाशी कपभरही पाणी जमलं नव्हतं. कपभर दवाने हातभर भिंत भिजत नाही. मग टाकी. टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर खडूची खूण केली, पहाटे चारला, घरात कोणी उठायच्या आधी पाहिलं, पाणी खुणेखाली गेलं नव्हतं. मग भिंतीतले पाइप. मुख्य कॉक बंद करून एक दिवस आणि एक रात्र घर कोरडं ठेवलं. बायकोने बादल्यांवर काम भागवलं आणि मला भरपूर ऐकवलं. दुसऱ्या सकाळी भिंतीवरची ओल ताजीच्या ताजी होती.

मग मी तेच केलं जे इतकी वर्षं केलं होतं, मिस्त्रीला बोलावलं. गच्चीची कठड्याची भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यात सिमेंटचा गोल भराव घालतात, त्याला गोला म्हणतात. आमचा गोला याच मिस्त्रीने घातला होता. मी त्याला सांगितलं, तुझा गोला फुटला आहे. तो गुडघ्यावर बसून कठड्याच्या कडेकडेने सगळीकडे टकटक करत फिरला आणि मग खाली येऊन भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"साहेब, गोला बोलून नाई राहिला," तो म्हणाला. "कुठी पोकळ आवाज नाई. अन् हे ओल पाहा ना, सकाळीच ताजी रायते, दुपारी सुकते. पाऊस त हायेच नाई. कोणीतरी सकाळी वरून पाणी टाकून राहिलं."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी म्हणालो, "तू मले शिकवू नको. बत्तीस वर्षं तुझ्यासारख्यायचे पाप निस्तरले मी." आणि त्याच्याच छिन्नीने त्याचाच गोला, समोरच्या बाजूचा सगळा, त्याच्याकडून फोडून घेतला. शेजारी गच्चीवर उन्हाला बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या कामाची चिरफाड केली. तो खाली मान घालून फोडत राहिला. नवा गोला घातला, त्यावर चार दिवस ओलं पोतं ठेवून पाणी मारलं, आणि ते थांबवल्यावर पुन्हा वाट पाहिली. सकाळी भिंत ओली.

हे सगळं चालू असताना बाबा खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसलेले असायचे, संत्रं सोलत.

"काय इंजिनेरसाहेब, सापडलं का पाणी?"

मी छिन्नी उचलून मिस्त्रीच्या हातात दिली.

"फोड गा, फोड. सारं घर फोड. घर पडलं का पाणी सापडतेच."

एकदा होणारे व्याही घर पाहायला म्हणून येऊन गेले. त्यांना मी गच्ची दाखवायला वर नेलं, तर बाबा त्यांना म्हणाले, "हा माहा पोरगा लोकायच्या घराचं पाणी शोधते. सोताच्या घराचं सापडून नाई राहिलं." व्याही हसले. मीही हसलो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. खाली येऊन मी जेवलो नाही.

टिनाचं पावसाचं पाणी झेलायला समोरच्या काठाला, टिन उतरत कठड्याशी येतं तिथे, छातीच्या उंचीवर पत्र्याची पन्हळ लावलेली होती. ती कोपऱ्यात एका पाइपात उतरायची आणि तो पाइप भिंतीतून खाली यायचा. ओलीचा पट्टा बरोबर त्या कोपऱ्याखाली होता. तरीही मी पन्हळीत डोकावलो नव्हतो. पन्हळ असते पावसासाठी. पाऊसच नाही तर पन्हळीत काय असणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा माझा हिशेब. ही शिकलेल्या माणसाची चूक होती. एखाद्या अडाण्याने पहिल्याच दिवशी तिथे हात घातला असता.

साक्षगंधाला पाच दिवस उरले तेव्हा मी जुना उपाय काढला. संध्याकाळी टाकीच्या बुडाशी कोरडी हळद टाकली, नव्या गोल्याच्या कडेने गुलाल टाकला आणि पन्हळीत कपड्याची नीळ टाकली. तीही फक्त यादी पूर्ण व्हावी म्हणून. भिंतीवर जो रंग येईल, पाणी त्या वाटेचं.

बायको हळदीचा रिकामा डबा पाहून म्हणाली, "घरात लग्न पोरीचं अन् हळद लावून राहिले गच्चीले."

सकाळी सात वाजता भिंतीवर, ओलीच्या कडेला, निळी रेघ होती.

मी वर गेलो आणि पन्हळीत हात घातला. कोपऱ्यात पाइपाच्या तोंडाशी कूलरचं गवत कोंबल्यासारखं बसलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत कूलर उतरवून त्याच्या गवताच्या ताट्या टिनावर झटकणारा मीच. ते गवत दवाबरोबर हळूहळू घरंगळत पन्हळीत गेलं आणि महिन्या-दोन महिन्यांत पाइप बंद झाला. आता पन्हळीत येईल ते पाणी तुंबून मागे सरत होतं आणि कठड्याच्या आतल्या फटीतून स्लॅबखाली उतरत होतं. म्हणजे वाट अडवणारा सापडला होता, आणि तो मी होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मला त्याची लाज वाटण्याआधी दुसराच प्रश्न पडला. पाऊस नाही, दव कपभर, मग पन्हळीत पाणी टाकतं कोण?

गवत मी काढलं नाही. काढलं असतं तर भिंत वाळली असती आणि पाणी आणणारा निसटला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मफलर बांधून, मी टाकीच्या मागे पाट टाकून बसलो. पूर्वेला जरासं फटफटलं होतं. बाबांच्या खोलीची कडी हळूच निघाली. ते अनवाणी बाहेर आले. त्या थंडीत स्लॅबवर पाय ठेवला की पोटरीपर्यंत कळ जाते. त्यांच्या हातात घमेलं होतं आणि घमेल्यात त्यांची गोधडी.

टाकीखालच्या नळाची धार त्यांनी सुतासारखी बारीक सोडली आणि ती बादलीच्या काठाला लावली, म्हणजे आवाज होऊ नये. बादली भरेपर्यंत ते तसेच उकिडवे बसून होते. मग गोधडीवर पाणी घालून, एका हाताने कठडा धरून, ते ती पायांनी तुडवायला लागले. पिळायची ताकद हातात नव्हती. गुडघ्यावर दाबून दाबून त्यांनी तिचं पाणी घमेल्यात काढलं आणि ती खांद्यावर टाकली.

गच्चीचं पाणी जायचा मोठा पाइप मागच्या बाजूला आहे. तो खाली स्वयंपाकघराच्या खिडकीशी सुटतो आणि वरून मगभर पाणी टाकलं तरी खाली धबधब ऐकू येतं. त्यांची सून, म्हणजे माझी बायको, तिथे पाचपासून उठलेली असते. बाबा त्या बाजूला गेलेच नाहीत. घमेल्यातलं पाणी मगात घेऊन ते समोर पन्हळीकडे आले. एक हात पन्हळीत धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्या तळव्यावरून मग हळूहळू ओतायचा, म्हणजे पत्रा वाजू नये. एक मग ओतायचा, थोडं थांबायचं, पुन्हा दुसरा. तुटलेला धागा जोडताना ते असेच थांबायचे. उजाडत आलं तसा मला त्यांचा तळवा दिसला, तो निळा झाला होता. म्हणजे आदल्या दिवशीच त्यांना कळलं होतं की मी पन्हळीत रंग टाकला आहे आणि आज ना उद्या पोचणार आहे. तरी ते आले होते. गोधडी तर धुवायचीच होती.

मला सगळं कळलं, आणि मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. आधी आनंद झाला, की सापडलं. आणि मग राग आला, की हा माणूस पंधरा दिवस खुर्चीत बसून मला फोड म्हणत होता, व्याह्यांसमोर माझं हसं करत होता, आणि पाणी त्याचंच होतं.

तेव्हाही मला परत जाता आलं असतं. जिना माझ्या पाठीशीच होता. दुपारी गवत काढून टाकायचं, आठ दिवसांत वर एक संडास बांधायचा. गळती थांबली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या सुचलं होतं. सुचलंच नाही, असं मला म्हणता येत नाही.

मी उठून पुढे आलो. बाबांच्या हातातला मग पन्हळीत पडला आणि पत्रा खणकन वाजला.

"द्या इकडे, बाबा," मी म्हणालो. "लोकायले दाखवू, काय पिकवलं राती."

ते वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं आलं, त्यांच्याच आवाजात. पन्नासपेक्षा जास्त वर्षं ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे. बाबांनी गोधडी दिली नाही, पण धरूनही ठेवली नाही. मी ती उचलली आणि रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर पसरली. पाणी खाली अंगणात ठिबकायला लागलं.

खालून शेजारचे एकजण फिरायला निघाले होते. त्यांनी वर पाहिलं. "काय साहेब, घरात लहान लेकरू आलं का?"

"लेकरू नाही," मी म्हणालो. "म्हातारं."

ते हसले आणि पुढे गेले. बाबा माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. मला वाटलं ते शिवी देतील, आणि मी शिवीसाठी तयार होतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"दुपारी पलटवून घालजो," ते म्हणाले. "मधली घडी ओली रायते."

आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

बायको आवाज ऐकून वर आली होती. तिने कठड्यावरची गोधडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ती ओढून काढली. "मामाजीची गोधडी मले दिवाळीपासून ओली लागून राहिली," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बोलली का कोणाले? दर दोन दिवसांनी पलंगाखाली कोरडी चादर ठेवून येत होती. तुम्हाले काहून दाखवा लागते सारं?"

"ओल होती," मी म्हणालो. "साक्षगंध आहे."

मी त्याच दिवशी पन्हळीतलं गवत काढलं, फटीत मसाला भरला आणि भिंतीला पुट्टी लावून रंग मारला. दुसऱ्या सकाळी भिंत कोरडी. तिसऱ्या सकाळीही कोरडी. साक्षगंधाच्या दिवशी तिथे झेंडूच्या माळा लावल्या आणि मी पाहुण्यांना पंधरा दिवसांचा सगळा शोध सांगितला. गंज, खडू, हळद, गुलाल, नीळ. बाबांचा भाग तेवढा वगळला आणि त्याच्या जागी पक्ष्यांनी टाकीचं पाणी उडवलं असं काहीतरी घातलं. लोकांनी माना डोलावल्या.

बाबा खाली आले होते. धुतलेलं धोतर, टोपी. सोफ्यावर त्यांची जागा ठेवली होती, ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, बाहेर जायला सोपं अशा ठिकाणी. पातळ त्यांनी दिलं नाही. सकाळीच ते बायकोच्या हाती देऊन म्हणाले होते, "तूच दे वं. माहे हात साफ नाई." नीळ अजून पुरती गेली नव्हती. मुलगी पातळ घेऊन त्यांच्या पाया पडायला आली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, नुसता जवळ नेला आणि मागे घेतला. फोटोत ते दिसतं. व्याह्यांनी सरबताचा ग्लास पुढे केला. बाबांनी तो ओठाला लावला आणि तसाच भरलेला खुर्चीखाली ठेवून दिला. मी ते पाहिलं. म्हातारे नखरे, असं मनात म्हणालो.

त्यानंतर त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. गच्चीवर गेलो तर "ये" म्हणायचे, आणि संत्रं सोलून पुढे करायचे. स्वतः खायचे नाहीत. मी समजलो, म्हातारा सुधारला. जे त्यांनी मला शिकवलं ते मी त्यांना शिकवलं, फिट्टंफाट झाली. वर संडास बांधायचं कोणी काढलं नाही. आता गरजच दिसत नव्हती.

बायको रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची, वर फुलपात्र पालथं घालून. माघात एकदा ती मला म्हणाली, "मामाजीचा तांब्या जसा जाते तसाच खाली येऊन राहिला. पाणी पीत नाई का काय?"

"थंडी आहे," मी म्हणालो. "कोणाले तहान लागते थंडीत?"

पाडवा झाला. दुपारी टिन तापायला लागलं. मी वर कूलर चढवून दिला, ताट्या यावेळी खाली अंगणात झटकल्या. ती पुन्हा म्हणाली, "ओठ फाटले त्यायचे. मी माठ ठेवला, तोही भरलेलाच आहे."

"वय झालं," मी म्हणालो.

नऊ वर्षांच्या पोराचे फुटलेले ओठ मला आरशात आठवत होते, पण ते या ओठांशी जोडायचं मला सुचलं नाही. की सुचू दिलं नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मे महिन्यात एका दुपारी ते खोलीत पडलेले सापडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, नातवाच्या वयाचा. त्याने बाबांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. शरीरात पाणीच नाही, किडनीवर गेलं आहे, असं म्हणाला. मग मला विचारलं, "दिवसाला पाणी किती प्यायचे?"

टिनावर एका रात्रीत किती दव पडतं ते मला माहीत होतं. टाकीचं पाणी रात्रभरात किती उतरतं ते माहीत होतं. मी म्हणालो, "लक्ष नाही दिलं."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

सगळं आटोपल्यावर मी वर त्यांची खोली आवरायला गेलो. गोधडी पलंगावर चौकोनी घडी करून ठेवली होती. मी तिच्या घडीत हात घातला, अगदी मधल्या घडीपर्यंत. कोरडी होती. उशाशी तांब्या होता, फुलपात्रावर धुळीचा थर. फुलपात्र उचललं, आत पाणी काठोकाठ.

तो तांब्या घेऊन मी बाहेर आलो आणि पन्हळीत ओतला. पाणी सरळ पाइपात गेलं आणि खाली उतरलं. मग मी खाली येऊन भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.